जीन हार्लो : जिच्या केसांच्या रंगासाठी जग वेडं झालं, तिच्यावरच विग घालायची वेळ का आली?

लग्नसराईत अहिल्यानगरच्या सावेडीत किंवा पाइपलाइन रोडवरच्या एखाद्या पार्लरमध्ये डोकावलं, तर हायलाइट्स, बालायाज, ग्लोबल कलर हे शब्द हमखास कानावर पडतात. मोबाइलवरचा फोटो पुढे करून अगदी असाच रंग हवा, असं सांगणाऱ्या मुली असतात. आता मुलंही असतात. काळ्या केसांवर असा फिका रंग आणायचा, तर आधी केसांचा मूळ रंग काढावा लागतो. यालाच केस ब्लीच करणं म्हणतात.

आणि काही आठवड्यांनी त्याच मोबाइलवर दुसरा प्रश्न शोधला जातो. ब्लीचने खराब झालेले केस पुन्हा नीट कसे करायचे?

जवळपास नव्वद वर्षांपूर्वी हाच प्रश्न हॉलिवूडमधल्या एका मुलीपुढे उभा होता. तिचं नाव जीन हार्लो. तिच्या केसांमुळेच प्लॅटिनम ब्लाँड हा शब्द जगभर पोहोचला. पण त्या केसांची जी किंमत तिने मोजली, ती पडद्यावर कधी दिसली नाही.

डेंटिस्टची मुलगी हॉलिवूडमध्ये कशी पोहोचली?

तिचं खरं नाव हार्लीन कार्पेंटर. जन्म ३ मार्च १९११ चा, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीचा. वडील डेंटिस्ट होते आणि आईचं माहेर श्रीमंत होतं. घरात तिला सगळे बेबी म्हणायचे. आपलं खरं नाव हार्लीन आहे, हे तिला शाळेत जायच्या वयात कळलं, असं तिच्या चरित्रांमध्ये येतं.

आईला स्वतःला नटी व्हायचं होतं. नवऱ्याशी घटस्फोट झाल्यावर १९२३ मध्ये ती मुलीला घेऊन हॉलिवूडला गेली. पण तिथे नव्या चेहऱ्यांना विशीच्या आतच संधी मिळायची आणि तिचं वय तिशीच्या पुढे गेलेलं. दोन वर्षांत मायलेकी परतल्या.

किशोरवयात हार्लीनला एका समर कॅम्पमध्ये स्कार्लेट फीव्हर झाला. घशाच्या संसर्गातून येणारा हा ताप. कधीकधी तो बरा होतो, पण किडनीला इजा करून जातो. त्या वेळी याकडे कुणी फार लक्ष दिलं नाही.

सोळाव्या वर्षी तिने चार्ल्स मॅकग्र्यू या श्रीमंत तरुणाशी लग्न केलं आणि १९२८ मध्ये दोघं लॉस एंजेलिसला राहायला गेले. एकदा ती एका मैत्रिणीला गाडीने फॉक्स स्टुडिओत सोडायला गेली होती. तिथल्या लोकांची नजर तिच्यावर पडली. कास्टिंगसाठी नाव नोंदवताना तिने आईचं माहेरचं नाव दिलं : जीन हार्लो. आईचं स्वप्न आता मुलीने पूर्ण करायचं होतं. पहिलं लग्न मात्र यात फार टिकलं नाही.

एका रंगाचं मार्केटिंग

सुरुवातीला तिला छोटी कामं मिळाली. १९२९ मध्ये लॉरेल आणि हार्डी या जोडीच्या एका विनोदी फिल्ममध्ये ती दिसली. त्याच सुमारास हॉवर्ड ह्यूज हा श्रीमंत निर्माता हेल्स एंजल्स हा विमानयुद्धावरचा सिनेमा बनवत होता. सिनेमा मूकपट म्हणून सुरू झाला होता. तेवढ्यात बोलपट आले. मूळ नायिका नॉर्वेची होती आणि तिचे उच्चार चालेनात. तिच्या जागी हार्लो आली. १९३० मध्ये सिनेमा लागला आणि १९ वर्षांची ही मुलगी रातोरात स्टार झाली. या सिनेमातला एक प्रसंग रंगीत आहे. हार्लो रंगीत फिल्मवर दिसते, ती तेवढीच.

तिचे मूळ केस राखाडी छटेचे सोनेरी होते. पण ब्लॅक अँड व्हाइट पडद्यावर केस जितके फिके, तितके ते दिव्याखाली चमकायचे. ह्यूजच्या प्रसिद्धी विभागाने या रंगाला प्लॅटिनमचं नाव दिलं. १९३१ मध्ये दिग्दर्शक फ्रँक काप्रा याच्या एका सिनेमाचं मूळ नाव बदलून प्लॅटिनम ब्लाँड असं ठेवण्यात आलं. अमेरिकेत प्लॅटिनम ब्लाँड क्लब निघाले. हार्लोसारखी छटा हुबेहूब आणून दाखवणाऱ्या ब्यूटिशियनला १० हजार डॉलरचं बक्षीस जाहीर झालं. बायकांनी पेरॉक्साइडच्या बाटल्या विकत घेतल्या आणि घरोघरी प्रयोग सुरू झाले.

हार्लो मात्र आपले केस नैसर्गिक आहेत, असंच सांगत राहिली. स्टुडिओलाही तेच हवं होतं.

तिच्या डोक्यावर नेमकं काय लावलं जायचं?

तिच्या हेअरड्रेसरने पुढे सांगितलेल्या आठवणीनुसार त्या मिश्रणात चार गोष्टी होत्या. हायड्रोजन पेरॉक्साइड, अमोनिया, कपडे पांढरे करायचं क्लोरॉक्स ब्लीच आणि लक्स फ्लेक्स, म्हणजे नाजूक कपडे धुवायचा साबणाचा चुरा. केसांची मुळं गडद दिसू नयेत म्हणून हे दर आठवड्याला लावलं जायचं.

आज कुणीही घरी असा प्रयोग करू नये. अमोनिया आणि क्लोरिनवालं ब्लीच एकत्र आलं की क्लोरामाइन नावाचा विषारी वायू तयार होतो. तो डोळे, घसा आणि फुप्फुसांना इजा करतो.

पण केसांचं काय होतं? केसाची रचना घराच्या छपरासारखी समजा. बाहेर एकावर एक बसलेल्या कौलांसारखे खवले असतात. आत केराटिन या प्रथिनाचे दोर असतात आणि त्या दोरांमध्ये मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं. अमोनियामुळे केस फुगतो आणि खवले उघडतात. पेरॉक्साइड आत शिरून मेलॅनिन फोडतं आणि रंग जातो. पण ते तिथेच थांबत नाही. केराटिनचे दोर ज्या गंधकाच्या बंधांनी एकमेकांना बांधलेले असतात, तेही तुटतात. केसावर निसर्गतः असलेला तेलकट पातळ थर निघून जातो. मग केस पाणी शोषतो, ओला झाला की रबरासारखा ताणला जातो आणि वाळला की गवतासारखा तुटतो.

एकदा ब्लीच केलेल्या केसावर पुन्हा ब्लीच लागलं, की नुकसान वाढत जातं. दर आठवड्याच्या टचअपमध्ये हे टाळणं कठीण. आपल्याकडचे केस काळे असतात, म्हणजे त्यात मेलॅनिन जास्त. राखाडी सोनेरी केसांपेक्षा काळ्या केसांना प्लॅटिनमपर्यंत नेताना कितीतरी जास्त ब्लीच सोसावं लागतं.

पडद्यावर हसू, घरी दुःख

३ मार्च १९३२ ला, म्हणजे तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, एमजीएम स्टुडिओने तिचा करार ३० हजार डॉलरला विकत घेतला. लगेचच आलेल्या रेड हेडेड वुमन या सिनेमात तिने लाल विग घातला आणि समीक्षकांच्या लक्षात आलं की, ही मुलगी केसांशिवायही काम करू शकते. विशेषतः विनोदी काम.

त्याच वर्षी जुलैत तिने एमजीएमचा निर्माता पॉल बर्न याच्याशी लग्न केलं. दोन महिन्यांत, ५ सप्टेंबरला, तो घरी गोळी लागलेल्या अवस्थेत मृत सापडला. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. तेव्हा ती रेड डस्ट या सिनेमात क्लार्क गेबलबरोबर काम करत होती. काही दिवसांतच ती पुन्हा सेटवर उभी होती. १९३३ मध्ये डिनर अॅट एट आणि बॉम्बशेल हे तिचे गाजलेले सिनेमे आले. बॉम्बशेलमधली नायिका घरच्यांना आणि स्टुडिओला पोसता पोसता थकलेली नटी आहे. हार्लोची आई आणि सावत्र वडील तिच्याच कमाईवर जगत होते, त्यामुळे ही गोष्ट तिचीच वाटली, तर नवल नव्हतं.

याच वर्षी तिने हॅरल्ड रॉसन या कॅमेरामनशी लग्न केलं. तेही वर्षभरात मोडलं.

विग आणि नवा रंग

१९३५ च्या सुमारास तिच्या केसांनी हात टेकले. ते तुटत होते, गळत होते. पुन्हा ब्लीच करणं शक्य राहिलं नाही आणि विगचा आधार घ्यावा लागला. त्याच काळात हॉलिवूडमध्ये सेन्सॉरचे नियम कडक झाले होते आणि स्टुडिओला तिची प्रतिमा सौम्य करायची होती. दोन्ही कारणं जुळून आली. १९३६ च्या वाइफ व्हर्सेस सेक्रेटरी या सिनेमात ती तपकिरीकडे झुकणाऱ्या रंगात दिसली. प्रसिद्धीवाल्यांनी या रंगालाही ब्राउनेट असं नाव देऊन टाकलं.

गंमत म्हणजे, प्लॅटिनम रंग गेल्यावर तिच्या अभिनयाची चर्चा वाढली. त्याच वर्षीच्या लायबल्ड लेडीमधलं तिचं काम आजही वाखाणलं जातं.

याच दशकात मुंबईत एक वेगळीच गोष्ट घडत होती. वाडिया मूव्हीटोनची स्टंट नायिका फिअरलेस नादिया, म्हणजे ऑस्ट्रेलियात जन्मलेली मेरी इव्हान्स, हिला काळ्या वेण्यांचा विग घालायला सुचवण्यात आलं होतं. तिने साफ नकार दिला. १९३५ मध्ये हंटरवाली लागला आणि प्रेक्षकांनी तिला सोनेरी केसांसकट स्वीकारलं. एकीला नाही म्हणता आलं. दुसरीला ते जमेपर्यंत केसच उरले नव्हते.

ब्लीचने तिचा जीव घेतला का?

सोशल मीडियावर हार्लोचा फोटो फिरतो, तेव्हा त्याखाली अनेकदा लिहिलेलं असतं की, केसांच्या ब्लीचमुळे ती मेली. हे खरं नाही.

मे १९३७ मध्ये सॅराटोगा या सिनेमाचं शूटिंग सुरू असताना ती आजारी पडली. २९ मे ला सेटवर तिला उभं राहवेना. डॉक्टरांनी आधी पित्ताशयाचा त्रास समजून उपचार केले. किडनी निकामी होत आहे हे कळेपर्यंत उशीर झाला होता. ७ जून १९३७ ला लॉस एंजेलिसच्या गुड समॅरिटन हॉस्पिटलमध्ये ती गेली. वय फक्त २६.

लहानपणीच्या स्कार्लेट फीव्हरने किडनी कमजोर केली असावी, असं तिच्या चरित्रकारांचं मत आहे. तेव्हा डायलिसिस नव्हतं. पहिलं कामचलाऊ मशीन १९४३ मध्ये आलं. आईने धार्मिक कारणाने उपचार नाकारले, ही दुसरी अफवा. तीही टिकत नाही, कारण घरी डॉक्टर आणि नर्स येत होत्या, अशा नोंदी आहेत. सॅराटोगाची उरलेली दृश्यं डुप्लिकेट नटी वापरून पूर्ण केली गेली आणि जुलैत सिनेमा लागलासुद्धा.

मग खराब झालेल्या केसांचं करायचं काय?

हार्लोच्या गोष्टीतून समजणारी पहिली बाब म्हणजे डोक्याबाहेर आलेला केस जिवंत नसतो. त्वचेवरची जखम भरते, तशी केसाची भरत नाही. त्यामुळे रिपेअर लिहिलेली बाटली केस पूर्ववत करत नाही. ती केसावर थर देते किंवा काही बंध तात्पुरते सांधते. बॉन्ड बिल्डर म्हणून मिळणाऱ्या ट्रीटमेंटने केस तुटणं कमी होऊ शकतं, पण जुना केस परत येत नाही.

तरी बरंच काही करता येतं.

• ब्लीच ताबडतोब थांबवा. टचअप करायचाच असेल, तर फक्त नव्या मुळांवर.

• फाटे फुटलेली टोकं कापा. न कापल्यास फाटा वर चढत जातो.

• धुण्याआधी खोबरेल तेल लावा. मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेल तेलामुळे ब्लीच केलेल्या केसांतूनही कमी प्रथिन वाहून गेल्याचं दिसलं. सूर्यफूल तेल आणि मिनरल ऑइलने हा फायदा दिसला नाही. ही कंपनी स्वतः खोबरेल तेल विकते, हेही लक्षात असू द्या.

• प्रत्येक धुण्यानंतर कंडिशनर लावा. बोअरचं जड पाणी असेल, तर शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्याचं घ्या.

• ओल्या केसांत बारीक फणी घालू नका. मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांपासून वर सोडवत जा. स्ट्रेटनर काही महिने कपाटात ठेवा.

• आधी मेंदी किंवा काळी मेंदी लावली असेल, तर पार्लरमध्ये आवर्जून सांगा. काही पावडरींमध्ये धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस गरम होऊन तुटू शकतो. आधी एका बटेवर चाचणी करून घ्या.

• टाळूवर फोड आले, जळजळ थांबत नसेल किंवा केस मुळापासून पुंजक्याने गळत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा.

बाकीचं काम वेळ करतो. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. म्हणजे खांद्यापर्यंतचे केस नव्याने यायला दोन वर्षं तरी लागतात. स्टुडिओच्या वेळापत्रकात हार्लोला तेवढी सवड कुणी दिली नाही आणि ब्राउनेट झाल्यावर तिच्या हातात जेमतेम दीड वर्षं उरलं होतं. पार्लरमधून बाहेर पडणाऱ्या कुणावरही दर आठवड्याला कॅमेऱ्यासमोर उभं राहायची सक्ती नसते. त्यामुळे ती दोन वर्षं केसांना देणं सहज शक्य आहे.