एर्विन रोमेल : वाळवंटातला सेनापती

एर्विन रोमेलचा जन्म १५ नोव्हेंबर १८९१ रोजी जर्मनीतील हायडेनहाइम येथे झाला. वडील शिक्षक, मुलगा मात्र सैन्यात गेला.

मे १९४० मध्ये फ्रान्समधील अरास येथे ब्रिटिश रणगाड्यांच्या जाड चिलखतावर जर्मन गोळे आपटून नुसते उडू लागले. तेव्हा रोमेलने विमाने पाडायच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा सरळ रणगाड्यांवर रोखल्या. हल्ला थांबला. १९४१ पासून आफ्रिकेच्या वाळवंटातही त्याने हीच युक्ती वापरली. तिथे त्याच्यासमोर भारतीय सैनिकही होते बरं का! १९४२ च्या अखेरीस अल अलामीनला तो हरला.

मुलांना या युक्त्या फार आवडतात. पण हा माणूस हिटलरसाठी लढत होता, हे त्याच तासाला सांगायला हवं. १९४४ मध्ये हिटलरविरुद्धच्या कटात असल्याचा संशय त्याच्यावर आला. विष घे, नाहीतर खटला आणि कुटुंबाचे हाल, असा पर्याय समोर ठेवला गेला. १४ ऑक्टोबरला त्याने विष घेतले. लोकांना सांगितलं, जखमांमुळे गेला. सरकारी इतमामात अंत्यसंस्कारही झाले.

मुलगा मानफ्रेड तेव्हा १५ वर्षांचा. तोही विमानविरोधी तोफांच्या तुकडीत होता. जाण्यापूर्वी वडिलांनी त्याला खरं काय ते सांगितलं होतं. पुढे तो स्टुटगार्टचा महापौर झाला.