वासुदेव बळवंत फडके आणि दोन राज्यांची संयुक्त मोहीम

विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी काही जण बारामती-इंदापूर भागातून या अभ्यासक्रमास बसले असतील. सुप्याचा बाजार त्यांच्या परिचयाचा असेल. १२ मे १८७५ रोजी याच बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांकडील कर्जरोखे हिसकावून जाळले आणि तो वणवा इंदापूर, पुरंदर, शिरूरपर्यंत पसरला. पाठोपाठ १८७६-७७ चा दुष्काळ आला. वासुदेव बळवंतांचे बंड समजून घ्यायचे, तर आरंभ या कोरड्या तालुक्यांपासून करावा लागतो. पनवेलजवळचे शिरढोण हे त्यांचे जन्मगाव (४ नोव्हेंबर १८४५) त्या दृष्टीने गौण आहे.

फडके पुण्यात लष्कराच्या हिशेब खात्यात कारकून होते. आई अत्यवस्थ असताना रजा वेळेवर मिळाली नाही आणि तिचे अंत्यदर्शन अंतरले, ही हकीकत चरित्रकार आवर्जून सांगतात. ती महत्त्वाची आहेच. पण एका नामंजूर रजेतून बंड उभे राहत नाही. दुष्काळी मुलखात हिंडताना त्यांनी जे पाहिले, ते अधिक निर्णायक ठरले असे मानणे सयुक्तिक होय.

सुशिक्षितांनी पाठ फिरवली, तेव्हा ते रामोशांकडे वळले. फेब्रुवारी १८७९ मध्ये शिरूर तालुक्यातील धामारीवर छापा पडला. लुटीचा पैसा त्यांच्या लेखी सैन्य उभारण्याचे साधन होता. अनेक साथीदारांना मात्र लूट हेच साध्य वाटे. या तफावतीची खंत त्यांच्या आत्मवृत्तात उमटली आहे. मे महिन्यात कोकणातील पळस्पे व चिखली लुटून परतताना दौलतराव नाईक मेजर डॅनियलच्या तुकडीशी झालेल्या चकमकीत मारला गेला आणि बंडाचा कणाच मोडला.

आता पुढील भाग लक्षपूर्वक वाचा. श्रीशैलच्या मल्लिकार्जुनाचे दर्शन घेतलेले फडके निजामाच्या राज्यात रोहिल्यांची नवी फौज जमवण्याच्या खटपटीला लागले. एका राज्यात बंड करावे आणि दुसऱ्याच्या हद्दीत आसरा घ्यावा, ही दख्खनमधील जुनी रीत. परंतु १७९८ च्या तैनाती करारापासून निजाम इंग्रजांचा अंकित मित्र होता. त्यामुळे हद्दीची रेषा नकाशावर राहिली, पाठलागाला मात्र ती आडवी आली नाही. एकीकडून डॅनियल, दुसरीकडून हैदराबादचा पोलीस अधिकारी अब्दुल हक, असा दुहेरी फास आवळत गेला. २० जुलै १८७९ च्या रात्री, तेव्हाच्या कलादगी जिल्ह्यातील देवर नावदगी येथे, थकून झोपी गेलेले फडके पकडले गेले. दोन सरकारांची माणसे ज्याच्या मागावर होती, त्याच्या भोवती तेव्हा फौज अशी उरलीच नव्हती.

पुण्यातील खटल्यात सार्वजनिक काका गणेश वासुदेव जोशी आणि महादेव चिमणाजी आपटे यांनी त्यांची बाजू मांडली. आरोपीची स्वतःची दैनंदिनीच त्याच्याविरुद्ध पुरावा झाली. लेखनाच्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवावे. शिक्षा झाली जन्मठेप काळ्या पाण्याची. सुप्याच्या दंग्यानंतर ज्याची चर्चा चालली होती, तो शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणारा दख्खनचा कायदाही याच वर्षी, १८७९ मध्ये, संमत झाला.

एडनच्या तुरुंगातून ऑक्टोबर १८८० मध्ये फडके दार बिजागरीतून उखडून निसटले. या वेळी तर आश्रय देणारी कोणतीच हद्द जवळ नव्हती. काही तासांतच ते पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा मृत्यू झाला. वय ३७ वर्षे.