मंडालेचा तन्मय कर्मयोगी

एखाद्या कामात मन पुरते रमले म्हणजे काळाचे भान सुटते, श्रमांची जाणीव उरत नाही आणि ते काम हेच सुखाचे निधान बनते. या अवस्थेलाच आपण तन्मयता म्हणतो. ती कवी, गवई किंवा योगी यांच्याच वाट्यास येते, आणि तीही लहर लागेल तेव्हाच, असा समज सर्वत्र रूढ आहे. तो खरा नव्हे. रोजची राहणी विचारपूर्वक आखल्यास तन्मयतेचा लाभ वारंवार घेता येतो. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांची मंडालेच्या तुरुंगातील सहा वर्षे हा याचा उत्तम वस्तुपाठ होय.

लोकमान्यांचा जन्म 23 जुलै 1856 रोजी रत्नागिरीस झाला. एका वेळी एकच गोष्ट हाती घ्यावी आणि तीत सर्वस्व ओतावे, हा त्यांचा स्वभाव विद्यार्थिदशेतच प्रकट झाला. डेक्कन कॉलेजात गेल्यावर आपली प्रकृती अशक्त आहे हे ध्यानी येताच त्यांनी पहिले वर्ष जवळजवळ संपूर्णपणे व्यायामास वाहिले आणि परीक्षेची हानी आनंदाने सोसली. पुढे 1877 साली गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले.

भगवद्गीतेशी त्यांचा परिचय सोळाव्या वर्षीचा. 1872 साली वडील अंतिम आजारात असता गीतेवरील प्राकृत टीका त्यांना वाचून दाखविण्याचे काम बाळ गंगाधरांकडे आले. तेव्हापासून गीतेचे तात्पर्य काय, हा प्रश्न त्यांच्या मनात घर करून राहिला. परंतु 'केसरी'चे संपादन, खटले, सभा आणि लोकांची अखंड वर्दळ यांत सलग ग्रंथलेखनास अवसर मिळेना. विचार परिपक्व होत होता. त्यास हवा होता तो निर्वेध काळ.

तो काळ नियतीने फार कठोर रूपाने दिला. 22 जुलै 1908 रोजी मुंबईच्या हायकोर्टात राजद्रोहाबद्दल त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सप्टेंबरात त्यांची रवानगी ब्रह्मदेशात मंडाले येथे झाली. वय बावन्न वर्षांचे, शरीरात मधुमेह, राहण्यास लाकडी फळ्यांची खोली, भोवती परका मुलूख आणि परकी भाषा. एवढा एकांत अनेकांना खचवून टाकतो. एकांत म्हणजे तन्मयता नव्हे. रिकामे मन एकांतात स्वतःलाच कुरतडू लागते. लोकमान्यांनी हे ओळखले होते, असे त्यांच्या वर्तनावरून दिसते.

त्यांनी प्रथम दिवसास आकार दिला. ईश्वरचिंतन, वाचन, लेखन, आहार यांस त्यांनी नियम घालून घेतला. मधुमेहामुळे आहारावर कडक निर्बंध होते. तेही त्यांनी व्रताप्रमाणे पाळले. मनास सदैव काही पेलावयास हवे, म्हणून जर्मन, फ्रेंच व पाली या भाषा त्यांनी पुस्तकांच्या आधारे स्वतःच शिकण्यास घेतल्या. पुण्याहून ग्रंथ मागविता मागविता त्यांचा संग्रह तीनशे-चारशेपर्यंत गेला.

लेखनाच्या साधनांवर तर सरकारची विलक्षण नजर होती. सुटे कागद मिळत नसत. पाने मोजून त्यांवर आकडे घातलेल्या बांधीव वह्या मिळत. शाई मिळत नसे. शिसपेन्सिलीवर भागवावे लागे. अशा स्थितीत 1910-11 च्या हिवाळ्यात 'गीतारहस्या'चा पहिला खर्डा चार-पाच महिन्यांत लिहून झाला. पंधरा प्रकरणांचा तो विस्तार, त्यातील पौर्वात्य व पाश्चात्त्य मतांची छाननी पाहिली म्हणजे मन थक्क होते. मात्र हा वेग त्या चार महिन्यांचा नव्हता. अडतीस वर्षांचे चिंतन त्यामागे उभे होते.

या तपश्चर्येची किंमतही मोठी होती. जून 1912 मध्ये त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यास निवर्तल्या आणि ती वार्ता त्यांना तुरुंगात तारेने कळली. ज्या माउलीने संसाराचा भार वाहिला, तिच्या अखेरच्या क्षणी ते जवळ नव्हते. तन्मयतेने दुःख नाहीसे होते असे कोणी म्हणू नये. ते सोसून उभे राहण्यास मात्र ती बळ देते.

जून 1914 मध्ये त्यांची सुटका झाली. सरकारच्या ताब्यातील वह्या काही काळाने परत मिळाल्या आणि 1915 साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. कर्म सोडू नये, फळाची आसक्ती सोडावी, हे त्याचे सार. फळाची चिंता सुटली म्हणजे सगळे लक्ष कामावर राहते. ग्रंथाचा हा सिद्धान्त ग्रंथकाराने लिहिता लिहिताच आचरून दाखविला. 1 ऑगस्ट 1920 रोजी मुंबईस ही ज्योत मालवली.

आपल्या तरुण विद्यार्थ्यांनी यातून काय घ्यावे? तुरुंगवास कोणाच्याही वाट्यास न येवो. परंतु त्यातील शिस्त घरीही आणता येते. विषय एकच निवडावा व तो दीर्घकाळ मनात घोळवावा. रोजची एक वेळ आणि एक जागा ठरवावी. काम आपल्या शक्तीस थोडे जड असावे, पण आवाक्याबाहेरचे नसावे. साधने उणी आहेत म्हणून थांबू नये. पेन्सिल व वही पुरेशी आहे. आणि घरातील वडीलधाऱ्यांनी मुलास तसेच मुलीसही दिवसातील एक तास निवांत मिळवून द्यावा. लोकमान्यांस जे बंदिवासात साधले, त्याचा अल्पसा अंश तरी आपणांस स्वातंत्र्यात साधावयास काय हरकत आहे?