हिराबाई बडोदेकर

मुलीने गाणे शिकावे, चारचौघांत बसून गावे आणि आई-वडिलांनी ते अभिमानाने ऐकावे, यात आज कोणालाही नवल वाटत नाही. परंतु शंभर वर्षांपूर्वी आपल्याकडे अशी स्थिती नव्हती. स्त्रीचे गाणे म्हणजे धनिकांच्या दिवाणखान्यातील करमणूक, अशीच समजूत होती. गाणारीच्या विद्येला दाद मिळे, पण तिला घरी बोलावून हळदकुंकू लावायला लोक कचरत. हा समज मोडून काढण्याचे काम ज्या थोड्या स्त्रियांनी केले, त्यांत हिराबाई बडोदेकर यांचे नाव अग्रभागी आहे.

हिराबाईंचा जन्म १९०५ साली मिरजेस झाला. घरातील त्यांचे नाव चंपाकली. वडील म्हणजे किराणा घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ, आणि आई ताराबाई माने या बडोद्याच्या. या दोघांनी बडोदे सोडून एकत्र संसार थाटला. सुरेशबाबू, हिराबाई, कृष्णराव, कमलाबाई आणि सरस्वतीबाई ही त्यांची मुले. पुढे ताराबाई व खाँसाहेब विभक्त झाले आणि पाच मुलांना घेऊन ताराबाई वेगळ्या राहिल्या. एकट्या बाईने त्या काळात एवढा प्रपंच उभा करणे ही सोपी गोष्ट नव्हती. मुलांना जगण्यासाठी द्यायला त्यांच्यापाशी एकच धन होते, ते म्हणजे गाणे.

हिराबाईंना पहिले धडे थोरले बंधू सुरेशबाबू यांनी दिले. नंतर उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची कसून तालीम मिळाली. किराणा घराण्याची गायकी ही सुराची गायकी. एकेक स्वर सावकाश, निरखून लावायचा आणि राग हळूहळू उलगडायचा, घाई म्हणून करायची नाही. हिराबाईंचा आवाज नाजूक, पण सुरात इतका नेमका, की तंबोऱ्याच्या नादात तो मिसळून जाई. तारषड्जावर त्या ठरल्या की श्रोते स्तब्ध होत.

१९२० नंतरच्या काही वर्षांतच त्या लोकांसमोर गाऊ लागल्या. तिकीट लावून जाहीर जलसा करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते. तिकिटाची ही गोष्ट वरवर लहान दिसते, पण तिचा अर्थ मोठा आहे. खाजगी बैठकीत गाणारी बोलावणाऱ्याच्या मर्जीवर असे. तिकीट काढून येणारा श्रोता मात्र तिच्या विद्येचे मोल देऊन येई, आणि येताना बायको-मुलांनाही बरोबर आणू शके. हिराबाई बैठकीवर बसत त्या साधे लुगडे नेसून, पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन. हातवारे नाहीत, नखरा नाही, नजर शांत. असे गाणे आपल्या सुनांना-लेकींना ऐकवायला हरकत नाही, असे घरोघरच्या वडीलधाऱ्यांना वाटू लागले. व्याख्याने देऊन जे झाले नसते, ते त्यांच्या बसण्या-वागण्याने झाले.

याहून धाडसाचे पाऊल रंगभूमीवर पडले. बालगंधर्वांसारख्या नटांनी स्त्री-भूमिका अजरामर केल्या होत्या. नायिका म्हणजे पुरुषानेच लुगडे नेसून उभे राहायचे, हीच रीत होती. अशा वेळी ताराबाईंनी आपल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा काढली, आणि १९२९ पासून तिच्या नाटकांत स्त्रियांच्या भूमिका स्त्रियाच करू लागल्या. ‘सौभद्र’ नाटकात हिराबाई सुभद्रा झाल्या. घरातील भावंडेही या उद्योगात उतरली. लोकांनी नावेही ठेवली आणि गर्दीही केली.

पण नाटक कंपनी चालवणे म्हणजे हत्ती पोसण्यासारखे. नट, वादक, पडदे, कपडे, भोजन, प्रवास, साऱ्यांचा खर्च रोजचा. त्यातच १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला आणि प्रेक्षक त्या नव्या नवलाईकडे वळले. १९३३ च्या सुमारास कंपनी बंद झाली आणि डोक्यावर कर्ज राहिले. हिराबाई हातपाय गाळून बसल्या नाहीत. गावोगाव बैठकी करून त्यांनी ते कर्ज फेडले. संसाराची घडी बसवता बसवता देणे फेडणाऱ्या आपल्यासारख्या बायकांना या कष्टांची किंमत वेगळी सांगायला नको. विशेष म्हणजे ज्या वर्षाच्या सुमारास ही कंपनी मिटली, त्याच १९३३ मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्नाबाई भोळे यांनी भूमिका केली. ती वाट ताराबाईंच्या लेकींनी थोडी आधी तुडवून ठेवली होती.

बोलपटांनी नाटक कंपनी बुडवली, तरी हिराबाईंनी त्यांचा राग धरला नाही. १९३४ च्या ‘सुवर्णमंदिर’ आणि १९३७ च्या बाबूराव पेंटर यांच्या ‘प्रतिभा’ या चित्रपटांतून त्या पडद्यावर आल्या. तथापि त्यांचे खरे स्थान बैठकीचेच राहिले. ध्वनिमुद्रिका आणि नभोवाणी यांनी त्यांचे ख्याल, ठुमऱ्या, नाट्यपदे आणि भजने घराघरांत पोहोचवली. स्वयंपाक करता करता त्यांचे गाणे ऐकणाऱ्या कितीतरी बायकांनी जलशाचे दिवाणखाने कधी पाहिलेही नव्हते.

१९४७ च्या ऑगस्टमध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा दिल्लीत ‘वंदे मातरम्’ गाण्याचा मान त्यांना मिळाला. ज्या समाजाने गाणाऱ्या स्त्रीला उंबऱ्याबाहेर ठेवले होते, त्यानेच राष्ट्राच्या मंगल प्रसंगी तिला बोलावले. पुढे १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण हे सन्मान त्यांना लाभले. धाकट्या भगिनी सरस्वतीबाई राणे यांच्याबरोबर त्यांनी जुगलबंदीही केली. दोन स्त्रियांनी बरोबरीने ख्याल गावा, हेही तेव्हा नवेच होते. आपली विद्या त्यांनी मोकळ्या हाताने दिली. प्रभा अत्रे यांच्यासारख्या शिष्येने ती पुढे जगभर नेली.

२० नोव्हेंबर १९८९ रोजी हिराबाई निवर्तल्या. भांडण न करता, कोणाला दुरुत्तर न करता त्यांनी आपल्यासाठी जागा मिळवली, आणि ती एकटीसाठी ठेवली नाही. पुढच्या पिढीतील मुलींना त्या जागेवर सन्मानाने बसता आले. आपल्या घरात एखादी मुलगी सुरात गुणगुणू लागली, तर तिला जवळ बसवून शिकवावे, तिच्या रियाझासाठी घरकामातून रोज थोडा वेळ काढून द्यावा. या थोर गायिकेचे स्मरण करण्याचा तोच खरा मार्ग होय.