रंगांनी सावरलेला संसार

आनंद कुमारस्वामी हे नाव भारतीय कलेवरच्या पुस्तकांमुळे बऱ्याच जणींनी ऐकलं असेल. त्यांच्या पहिल्या पत्नीचं, एथेलचं नाव मात्र फारसं कुणी घेत नाही. मला मात्र तिच्याचबद्दल तुम्हाला सांगायचंय.

एथेल १८७२ साली इंग्लंडमधल्या बार्नस्टेपल गावात जन्मली. वडील औषधविक्रेते. ती पियानो शिकली, लोकांच्या घरी मुलांना शिकवण्याची नोकरीही केली. १९०२ मध्ये लग्न झालं आणि पुढच्या वर्षी दोघं सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत गेली. कुमारस्वामी तेव्हा भूगर्भशास्त्रज्ञ होते. गावोगावच्या कारागिरांकडे जायचं, त्यांचं काम बघायचं, हा दोघांचा ध्यास. एथेल फोटो काढायची, टिपणं ठेवायची. १९०८ मध्ये सिंहली कलेवरचं कुमारस्वामींचं मोठं पुस्तक निघालं, त्यात तिने काढलेले फोटो आहेत.

पण इंग्लंडला परतल्यावर संसार मोडला. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आली. तेव्हा एथेल चाळिशीच्या घरात होती. रडत बसली नाही हो! सूत कातणं, विणणं आणि झाडपाल्याने रंगवणं, यातच तिने स्वतःला गुंतवून घेतलं. १९१३ मध्ये फिलिप मेअरे यांच्याशी दुसरं लग्न केलं. आणि १९१६ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी, वनस्पतींच्या रंगांवर पुस्तक लिहिलं. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि जर्मनीचे रासायनिक रंग इंग्लंडला मिळेनासे झाले होते.

या कामात खरी मेहनत असते ती रंग पक्का बसवण्याची. फुलं-सालं उकळून कापड बुडवलं की झालं, असं नसतं. आधी तुरटी लागते. त्या काळचं प्रमाण म्हणजे चार भाग लोकरीला साधारण एक भाग तुरटी. तुरटीच्या पाण्यात लोकर तासभर मंद आचेवर ठेवायची, मग रंगात घालायची. गरम लोकर एकदम गार पाण्यात टाकली तर आटते, तेवढं सांभाळायचं. सुती कापड तुरटी सहज धरत नाही. त्याला आधी तुरट रस द्यावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी हिरडा किंवा डाळिंबाची साल वापरतात. कांद्याच्या सालींनी छान पिवळा-केशरी रंग येतो, झेंडूने पिवळा. हळद मात्र दिसायला झकास, पण उन्हात उडते.

ससेक्समधल्या डिचलिंग गावात एथेलने स्वतःची कार्यशाळा काढली. मुली शिकायला येऊन राहायच्या. एलिझाबेथ पीकॉक, मॅरिएन स्ट्रॉब अशा पुढे नावाजलेल्या विणकर स्त्रिया तिच्याकडे काम करून गेल्या. उद्योगासाठी उत्तम डिझाइन करणाऱ्यांना ब्रिटनमध्ये मिळणारा मोठा मान मिळवणारी ती पहिली स्त्री. १९५२ मध्ये डिचलिंगलाच ती वारली.

मला तिचं काय भावलं सांगू? मन मोडलं तेव्हा तिने हाताला काम दिलं. ते काम स्वतःपुरतं ठेवलं नाही, लिहून ठेवलं, दुसरीला शिकवलं. आपल्या आजी-मावशींना ठाऊक असलेल्या अशा किती गोष्टी वहीत न उतरताच गेल्या! मैत्रिणींनो, घरात कुणी जाणती असेल तर विचारून घ्या आणि प्रमाणासकट लिहून ठेवा.