रमाबाई रानडे आणि परिचारिकेच्या घराचा प्रश्न

बहारीनची राजधानी मनामा. तिच्या पश्चिमेस, एके काळी खजुरांच्या बागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिदहफ्समध्ये सरकारी प्रसूती रुग्णालय आहे. बहारीनमधल्या रुग्णालयांत भारतीय परिचारिका पुष्कळ. त्यांत केरळच्या मुली बहुसंख्य, मराठी मुली मोजक्या. त्यांच्या कामाविषयी सर्वत्र आदराने बोलले जाते. पण रात्रपाळी संपवून बाहेर पडणारी परिचारिका कोणत्या खोलीवर जाते, कोणाबरोबर जेवते, आजारी पडली तर तिच्या उशाशी कोण बसते आणि साठीला टेकल्यावर तिचे ठिकाण कोणते असते, याची चौकशी फारशी होत नाही. हीच चौकशी शंभरांहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यात एका स्त्रीने केली होती. तिचे नाव रमाबाई रानडे.

रमाबाई परदेशस्थ मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. २०१२ साली ‘उंच माझा झोका’ या मालिकेतून छोटी रमा घरोघरी पोचली. मात्र मालिकेने लोकप्रिय केली ती न्यायमूर्तींची पत्नी. रमाबाईंच्या आयुष्याचे खरे सार्वजनिक पर्व पतीच्या निधनानंतर सुरू झाले आणि त्या पर्वाकडे मराठी समाजाने तुलनेने कमीच पाहिले आहे.

त्यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ रोजी आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे, कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. १८७३ साली, अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह महादेव गोविंद रानडे यांच्याशी झाला. रानडे तेव्हा तिशी ओलांडलेले, पुण्यात न्यायाधीश, नुकतेच विधुर झालेले आणि विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. वडिलांच्या आग्रहापुढे त्यांनी मान तुकवली व कुमारिकेशी लग्न केले. त्याबद्दल त्यांच्यावर झालेली टीका अन्याय्य म्हणता येणार नाही. पण लग्नानंतर त्यांनी पत्नीला शिकवायला बसवले, आणि घरातल्या बायकांशी रमाबाईंचा एक लांबलेला, मूक संघर्ष सुरू झाला.

हा संघर्ष नीट समजून घेतला पाहिजे, कारण पुढच्या कामाचे मूळ त्यात आहे. नाशिक-धुळ्याच्या बदलीच्या काळात संसार स्वतंत्र होता, तेव्हा शिक्षणाला वेग आला. पुण्याच्या वाड्यात परतल्यावर पुन्हा तेच टोमणे, तोच अबोला. इंग्रजी शिकवायला येणाऱ्या परदेशी बाईंचा विटाळ मानला जाई, आणि धडा संपला की रमाबाईंना स्नान करावे लागे. विद्या मिळत होती, पण घरात जेवणाच्या पंगतीत जागा मिळत नव्हती. शिकणाऱ्या बाईला पुस्तकाइतकीच माणसांची सोबत लागते, हे रमाबाईंना कोणी शिकवण्याची गरज नव्हती.

१८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांनी स्थापन केलेल्या आर्य महिला समाजात रमाबाई सहभागी झाल्या. १८९३ साली रानडे मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाल्यावर त्यांनी मुंबईत हिंदू स्त्रियांसाठी मंडळ चालवले. १६ जानेवारी १९०१ रोजी रानड्यांचे निधन झाले. रमाबाई तेव्हा अडतीस वर्षांच्या होत्या, मूलबाळ नव्हते. पुण्याला परतून त्या वर्षभर जवळजवळ एकांतात राहिल्या. ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ हे त्यांचे १९१० सालचे आत्मचरित्र पतीच्या मृत्यूपाशी थांबते. पुढच्या कामाविषयी त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यामुळे वाचकांना पत्नी कळली, संस्थापिका दूर राहिली.

बेहरामजी मलबारी व दयाराम गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन सुरू केले. त्यापुढचे पाऊल म्हणून २ ऑक्टोबर १९०९ रोजी पुणे सेवासदनाची स्थापना रमाबाईंच्या राहत्या वाड्यात झाली. गोपाळ कृष्ण देवधर हे या कामातले त्यांचे प्रमुख सहकारी. शिवण, शिक्षिका-प्रशिक्षण, प्रथमोपचार असे वर्ग सुरू झाले. या सर्वांत धाडसाचे काम मात्र परिचर्येचे होते.

ते धाडस का, हे आज सहज कळत नाही. १८९६-९७ च्या प्लेगने पुण्या-मुंबईची दैना केली होती. रुग्णसेवा करताना सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी प्लेगनेच निधन झाले होते. शुश्रूषा करणाऱ्या हातांची गरज सर्वांना पटलेली होती. ते हात आपल्या घरचे नसावेत, एवढीच अट होती. सर्व जातींच्या रुग्णांना शिवणे, परपुरुषाचे अंग पुसणे, रात्री घराबाहेर राहणे, यांपैकी एकही गोष्ट वरिष्ठ जातींतील कुटुंबाला मान्य नव्हती. परिचर्या हे ख्रिस्ती व युरोपीय स्त्रियांचे काम, असा समज रूढ होता. १९०८ मध्ये प्रशिक्षित परिचारिकांची संघटना उभी राहिली, तिच्याही आरंभीच्या कारभारात युरोपीय बायकाच पुढे होत्या. रमाबाईंनी पुण्याच्या ससून रुग्णालयात हिंदू मुली आणि विधवा शिकायला पाठवल्या, आणि त्यांच्या राहण्याजेवणाची जबाबदारी सदनाने घेतली.

या वसतिगृहाला केवळ निवासाची सोय समजणे चूक ठरेल. केशवपन केलेल्या तरुण विधवेला सासर आश्रित मानत होते, माहेर ओझे मानत होते. ती ससूनमधून बारा तासांनी परतली, की तिला दारात अडवणारे कोणी नसावे, ताट वाढलेले असावे आणि त्याच वाटेने जाणाऱ्या चारचौघी शेजारी असाव्यात, एवढी साधी गोष्ट वसतिगृहाने साध्य केली. स्वतः रमाबाई आचारविचारांत जुन्या मर्यादा पाळणाऱ्या होत्या. सुधारकांना तो दोष वाटे. पण त्या मर्यादांमुळेच सनातनी बापांनी आपल्या लेकी त्यांच्या हवाली केल्या. पंडिता रमाबाईंच्या धर्मांतरानंतर पुण्यात जो अविश्वास पसरला होता, तो लक्षात घेता याहून वेगळा मार्ग त्या काळी चालला असता असे वाटत नाही.

सदनाच्या वार्षिक समारंभातला एक प्रसंग चरित्रकार आवर्जून सांगतात. बक्षीस घेण्यासाठी एक तरुण विधवा आलवण नेसून, डोक्यावर पदर घेऊन व्यासपीठावर गेली, तेव्हा गॅलरीतील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी तिची टर उडवली. समारोपाला उभ्या राहिलेल्या रमाबाईंनी संतापून त्यांच्या शिक्षणाचीच झाडाझडती घेतली. ज्या मुलीवर नशीब आणि रूढी या दोघांनीही आघात केला, तिला हसणारा माणूस शिकलेला कसा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. सभागृह शांत झाले. हुल्लडबाजांची नावे इतिहासात राहिली नाहीत, आणि त्या विधवेचेही नाही. दुसरी गोष्ट खेदाची आहे.

रमाबाईंनी प्रश्नाचा पहिला टप्पा सोडवला: घराबाहेर पडण्याची परवानगी, शिक्षण, निवारा, सोबत. पुढचे टप्पे त्यांच्या हाती नव्हते. शिकून तयार झालेल्या बाईला पगार मिळू लागला, पण लग्नाच्या बाजारात तिची किंमत वाढली नाही. विवाहितेला रात्रपाळी आणि संसार यांची सांगड स्वतःच घालावी लागली. वय झालेल्या एकट्या परिचारिकेसाठी तर समाजाकडे कोणतीच व्यवस्था नव्हती. वसतिगृह विशीतल्या मुलीचे घर होऊ शकते, साठीतल्या बाईचे नाही. ही उणीव संस्थेची खचितच नव्हती. ती नोकरीच्या अटींची आणि कायद्याची होती.

आखातातील परिचारिकेच्या आयुष्याशी ताडून पाहिले, तर टप्पे तेच दिसतात. नव्या मुलीला खोली मिळते, मैत्रिणी मिळतात. तिचा एकटेपणा बहुधा सुसह्य असतो, कारण परतीची तारीख डोळ्यांसमोर असते. दहा वर्षांनी त्याच नोकरीत तिचा नवरा कोठे काम करतो, व्हिसा कोणाच्या नावावर आहे, मुलांना वाढवायला कोण आहे, हे प्रश्न पाळीच्या वेळापत्रकाहून जड होतात. मुले महाविद्यालयाच्या वयाची झाली की मायदेशी जातात आणि घर दोन देशांत विभागले जाते. निवृत्तीनंतर राहण्याचा हक्क बहुधा नोकरीबरोबरच संपतो. बहारीनने मार्च २०२४ पासून खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांची सेवासमाप्तीची रक्कम मालकांनी दरमहा सामाजिक विमा संस्थेकडे भरावी अशी पद्धत आणली. पैसे बुडण्याची भीती त्याने कमी झाली. गावी परतलेल्या बाईला तीस वर्षांत विरळ झालेली नाती त्या रकमेतून परत मिळत नाहीत, हे वेगळे.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात रमाबाई हक्कांच्या लढ्याकडे वळल्या. पुण्यात मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचे व्हावे म्हणून त्यांनी १९२० च्या सुमारास स्त्रियांना रस्त्यावर आणले. मुंबई इलाख्यातील स्त्रियांना मताधिकार मिळावा, या चळवळीतही त्या अग्रभागी होत्या, आणि १९२१ साली तो अधिकार मिळाला. वाड्यातल्या वर्गांपासून सुरू झालेले काम कायदेमंडळाच्या दारापर्यंत जाणे स्वाभाविक होते. परिचारिकेचा पगार, निवृत्ती आणि प्रतिष्ठा यांचे निर्णय तेथेच होणार होते.

१९२४ साली रमाबाईंचे निधन झाले. मुंबई इलाख्यात परिचारिका, सुईणी व आरोग्य अभ्यागत यांच्या नोंदणीचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३५ मध्ये झाला. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा यायला १९४७ साल उजाडले. रमाबाईंच्या जन्मशताब्दीनिमित्त १९६२ मध्ये टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. पुण्यातील सेवासदन आजही चालू आहे.