एका वर्षासाठी गेलेला स्वयंसेवक : डॉ. द्वारकानाथ कोटणीस

आपल्या शहरातला भुईकोट किल्ला पाहायला गेलो की मार्गदर्शक प्रथम नेत्यांच्या कोठड्यांकडे नेतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत धरपकड झाली आणि पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव आदी मंडळींना या किल्ल्यात आणून ठेवले. नेहरूंनी भारताच्या शोधावरचा ग्रंथ इथेच १९४४ साली लिहिला, हेही आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. परंतु ही मंडळी या तटांच्या आत असतानाच, ९ डिसेंबर १९४२ रोजी, उत्तर चीनमधल्या एका खेड्यात सोलापूरचा एक बत्तीस वर्षांचा डॉक्टर मरण पावला, आणि ज्या पत्रामुळे तो तिकडे गेला ते पत्र याच किल्ल्यातल्या एका कैद्याच्या नावे आले होते, ही गोष्ट मात्र किल्ल्यात कोणी सांगत नाही. त्या डॉक्टरचे नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

नाव सर्वांना ठाऊक आहे. व्ही. शांतारामांचा १९४६ सालचा चित्रपट आपल्या आजीआजोबांच्या पिढीने पाहिला, आणि चीनचा कोणी मोठा पुढारी भारतात आला की वर्तमानपत्रात कोटणीसांचे नाव हटकून छापून येते. पण नाव ठाऊक असणे आणि माणूस ठाऊक असणे यांत अंतर असते. हल्ली आपल्यापैकी काहीजण परदेशी जाऊन शिकवण्याच्या, सेवा करण्याच्या योजनांचे अर्ज मोबाईलवर भरत असतात. मुदत किती, तिथली भाषा येते का, घरच्यांची संमती आहे का, असे रकाने त्यात असतात. १९३८ साली एका मराठी तरुणाने असाच एक अर्ज केला होता. त्याच्या बाबतीत या रकान्यांचे पुढे काय झाले, हे पाहण्याजोगे आहे.

द्वारकानाथांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा, सोलापूरचा. म्हणजे आपल्या कर्जत-जामखेडची हद्द ओलांडली की लागणाऱ्या जिल्ह्याचा हा मुलगा. घर मध्यम स्थितीतले आणि भावाबहिणींनी भरलेले. शाळा सोलापुरात झाली आणि पुढे मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात त्यांनी वैद्यकाची पदवी घेतली. सोलापूरचे ते दिवस साधे नव्हते. १९३० साली तिथे मार्शल लॉ पुकारला गेला आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी देण्यात आली. त्या वेळी द्वारकानाथ वीस वर्षांचे होते. अशा गावातून आलेल्या मुलाला परवशता म्हणजे काय हे पुस्तकातून शिकावे लागले नसेल, एवढे म्हणायला हरकत नाही.

पदवी मिळाल्यावर पुढचे शिक्षण घ्यावे, शस्त्रक्रियेत नाव काढावे, असा त्यांचा सरळ बेत होता. त्याच सुमारास, ७ जुलै १९३७ ला जपानने चीनवर उघड युद्ध लादले. डिसेंबरात नानकिंग पडले. चीनच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू तेह यांनी अॅग्नेस स्मेडली या अमेरिकन पत्रकार बाईंच्या सूचनेवरून नेहरूंना पत्र लिहिले. आमच्याकडे जखमी आहेत, डॉक्टर नाहीत, औषधे नाहीत, असा त्याचा आशय होता. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी ३० जूनला देशाला आवाहन केले, जुलैच्या दुसऱ्या आठवड्याच्या आत चीन-दिन पाळून सुमारे २२ हजार रुपयांचा निधी गोळा झाला, आणि स्वयंसेवक डॉक्टरांचे एक पथक पाठवायचे ठरले. हा देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता. असा देश दुसऱ्याच्या मदतीला डॉक्टर पाठवतो, हे आज वाचतानाही थोडे नवल वाटते.

कोटणीसांनी आपले नाव देण्यापूर्वी घरी विचारले. चीनविषयी त्या घराला माहिती होती ती एवढीच, की चिनी फेरीवाले रेशीम विकायला येतात. वडिलांनी जा म्हटले. आईला वाईट वाटले. यापलीकडे त्या घरात काय बोलणे झाले असेल याची कल्पना ज्याने त्याने आपल्या घरावरून करावी. हाताशी आलेला डॉक्टर मुलगा, पाठीमागे मोठा संसार, आणि तो बिनपगारी कामासाठी युद्धात चाललेला. मुदत मात्र एका वर्षाची होती. एक वर्ष काय, पाहता पाहता निघून जाईल, असेच सर्वांनी धरले असणार.

पथकात पाचजण होते. प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहन अटल, हे स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने पन्नाशी उलटलेले. कलकत्त्याकडचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देवेश मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक आपले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने ते निघाले. १७ तारखेला कॅन्टनला उतरले, तेव्हा सन यत्‌-सेन यांच्या पत्नी त्यांच्या स्वागताला हजर होत्या. महिन्याभरातच ते कॅन्टन जपान्यांच्या हाती गेले. पथक हँकोला पोहोचून रेडक्रॉसच्या रुग्णालयांत काम करू लागले, तर ऑक्टोबर संपण्यापूर्वी तेही शहर पडले. म्हणजे ही मंडळी पुढे आणि युद्ध मागे, असा प्रवास करीत ती चुंगकिंगला आली.

चुंगकिंगमध्ये दोन गोष्टी घडल्या. पहिली गोष्ट नावांची. पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी ‘ह्वा’, म्हणजे चीन, हे अक्षर जोडले गेले. कोटणीस ‘के दिह्वा’ झाले. चीनमध्ये आजही त्यांना याच नावाने ओळखतात. दुसरी गोष्ट दुःखाची. जानेवारी १९३९ मध्ये सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. पथक येनानला, कम्युनिस्टांच्या मुलखात, निघायच्या बेतात होते. सोबत्यांनी त्यांना घरी परतण्याचा सल्ला दिला. त्यांनी परतायचे नाही असे ठरवले.

या निर्णयापाशी मी पुष्कळ वेळ अडलो. चरित्रे लिहिणारे हा प्रसंग त्याग म्हणून दोन ओळींत उरकतात. पण त्या वेळी मागे आई होती, लहान भावंडे होती, आणि ज्याने जा म्हटले होते तोच माणूस उरला नव्हता. त्या तरुणाने बरोबर केले की चूक, याचा निवाडा आपण करू नये. अशा बातमीनंतर परत आला असता तरी त्याला कोणी नावे ठेवली नसती, हे मात्र ध्यानात घ्यावे. पुढच्या महिन्यात, फेब्रुवारी १९३९ मध्ये, पथक येनानला पोहोचले.

त्याच वर्षात चोळकर आणि मुखर्जी परतले. अटल प्रकृतीमुळे १९४० मध्ये निघून गेले. एका वर्षाची मुदत कधीच सरली होती. कोटणीस आणि बसू आघाडीकडे गेले, आणि १९४० च्या उन्हाळ्यात ते वुताई डोंगराच्या परिसरातल्या, शत्रूच्या पिछाडीच्या मुलखात पोहोचले. कॅनडाचे प्रसिद्ध शल्यवैद्य नॉर्मन बेथ्यून याच भागात काम करीत असताना १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बोटाला झालेल्या जखमेतून विषबाधा होऊन वारले होते. ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्गसेनेने जपान्यांवर मोठा हल्ला चढवला. त्या धुमश्चक्रीत कोटणीसांनी शेकडो जखमींवर शस्त्रक्रिया केल्या. तीन दिवस तीन रात्री ते टेबलापासून हलले नाहीत, असे सांगतात. पुढे बसूंनाही येनानला परत बोलावले गेले आणि पाचांपैकी आघाडीवर उरले ते एकटे कोटणीस. जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक नेमण्यात आले.

रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दगडी इमारत येते. हे रुग्णालय म्हणजे हपेइ प्रांतातल्या गेगुंग गावची शेतकऱ्यांची घरे होती. जपानी फौजांची झडती सुरू झाली की जखमी, हत्यारे, औषधे, सारे काही उचलून डोंगरात न्यायचे आणि फौजा गेल्या की पुन्हा मांडायचे. रुग्णालयाला जोडून बेथ्यूनच्या नावाची वैद्यकीय शाळा होती. तिथे कोटणीस शस्त्रक्रिया शिकवीत.

आता इथे भाषेच्या रकान्याकडे यावे लागते. कोटणीस चीनला गेले तेव्हा त्यांना चिनीचा एक शब्द येत नव्हता. वैद्यक ते इंग्रजीत शिकलेले. दुभाषा घेऊन इंग्रजीत व्याख्याने देणे त्यांना सोपे होते आणि त्यांना त्यात कोणी दोषही दिला नसता. परक्या देशात शिकवायला जाणारा माणूस बहुधा आपली भाषा घेऊन जातो. कोटणीसांनी उलटे केले. प्रवासातच त्यांनी चिनी शिकायला सुरुवात केली, रोग्यांशी आणि परिचारिकांशी बोलून ती घासली, आणि दोन वर्षांच्या आत ते वर्गात चिनीतून शिकवू लागले. ते वर्तमानपत्रेही चिनीतूनच वाचीत. समोर बसलेली मुले शेतकऱ्यांची होती. आतड्याला टाका कसा घालावा हे त्यांना आधी इंग्रजी शिकवून सांगायला वेळ कोणाकडे होता? कोटणीसांनी शस्त्रक्रियेवर चिनीतून पाठ्यपुस्तक लिहिले आणि दुसरे हाती घेतले. आपल्याकडे मातृभाषेतून उच्च शिक्षण द्यावे की नाही यावर परिसंवाद कितीतरी होतात. त्यांत या पुस्तकांचा उल्लेख माझ्या तरी कानावर आलेला नाही.

लोक त्यांना ‘लाओ के’ म्हणत. ‘लाओ’ म्हणजे वडीलधारा, आपला माणूस. तिशीतल्या माणसाला हे संबोधन मिळाले होते.

त्याच शाळेत क्वो छिंगलान परिचारिकांना शिकवीत. बेथ्यूनच्या समाधीच्या समारंभात त्यांनी कोटणीसांना प्रथम पाहिले. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी दोघांचे लग्न झाले. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. सेनापती न्ये रुंगचेन यांनी त्याचे नाव ‘यिनह्वा’ ठेवले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘ह्वा’ म्हणजे चीन. त्याच्या दोनच आठवडे आधी नेहरू आपल्या किल्ल्यात आले होते.

कोटणीसांना तोवर अपस्माराचे झटके येऊ लागले होते. कष्ट, अपुरे अन्न, जागरणे आणि औषधांची वाण, कशाचीच कसर नव्हती. उपचारासाठी दुसरीकडे जावे असे त्यांना सुचवण्यात आले, पण ते जागचे हलले नाहीत, असे सांगितले जाते. डॉक्टर असल्यामुळे आपल्या दुखण्याचा अर्थ त्यांना कळत होता. दुसरे पुस्तक लिहिणे चालू होते. डिसेंबरच्या सुरुवातीला झटक्यांमागून झटके आले आणि ९ तारखेच्या पहाटे ते गेले. मूल साडेतीन महिन्यांचे होते. पुस्तक अर्धेच राहिले. येनानला शोकसभा झाली आणि माओ त्से तुंग यांनी स्वतःच्या हाताने श्रद्धांजली लिहिली.

शांतारामांच्या चित्रपटात डॉ. कोटणीस स्वतः शांतारामच झाले होते आणि जयश्रीबाई छिंगलान. कथा ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावरून घेतलेली. त्यात प्लेगच्या साथीचे नाट्य रंगवले आहे. चित्रपटाला तसे काही लागते, हे मान्य. प्रत्यक्षातला मृत्यू मात्र मंद गतीने, वर्गावर शिकवता शिकवता, सर्वांच्या देखत जवळ आलेला होता. तो पडद्यावर दाखवणे अवघडच.

पुढे १९६२ साल आले आणि भारत-चीन मैत्रीचे सारे शब्द कडू झाले. कोटणीसांचे नाव दोन्ही देशांना जपावेसे वाटले हे खरे, पण ते बहुधा समारंभापुरते. मुंबईतल्या त्यांच्या कुटुंबाला भेटायला चिनी पाहुणे येत राहिले. चीनने १९८२ मध्ये त्यांचे टपाल तिकीट काढले आणि भारताने १९९३ मध्ये. सोलापुरात त्यांच्या घराचे स्मारक झाले आहे. नगरहून एस. टी.ने एका दिवसात पाहून परत येता येते. आपल्या सहली वेरूळला आणि महाबळेश्वरला जातात, कधी तिकडेही वळायला हरकत नाही.

यिनह्वाने बापाचाच मार्ग धरला आणि तो वैद्यकाच्या शिक्षणाला गेला. पण १९६७ मध्ये, शिक्षण पुरे होण्यापूर्वीच, तो वारला. त्या वेळी तो पंचविशीच्या आतबाहेर होता. छिंगलानबाईंनी पुढे दुसरा विवाह केला, तरी कोटणीसांच्या घराशी त्यांचे नाते सुटले नाही. त्या अनेकदा भारतात आल्या. या घरानेही त्यांना अखेरपर्यंत सून मानले. २०१२ साली, वयाच्या नव्वदीनंतर, त्या वारल्या. डॉ. कोटणीसांची समाधी शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्म्यांच्या उद्यानात आहे. त्याच उद्यानात बेथ्यूनचीही समाधी आहे.